स्लोचा स्क्रू

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला ११५ वा नियम पेट्रोल गाड्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. गाडी ताशी किती किलोमीटर धावते, घाटात किती ओढते, एका लिटरमध्ये किती जाते, यातलं काही त्याने विचारलं नव्हतं. चारचाकी उभी असताना, इंजिन नुसतं चालू ठेवलेलं असताना, तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड किती, एवढाच त्याचा प्रश्न होता. उत्तर आकारमानाने ३ टक्क्यांच्या आत असायला हवं होतं. दुचाकी आणि तीनचाकींना ४.५ टक्क्यांपर्यंत मुभा होती. रस्त्यावरच्या लाखो गाड्यांची तब्येत तपासायला सरकारने निवडलेली अवस्था होती ती सिग्नलला थांबलेल्या गाडीची.

गॅरेजच्या बोलीत या अवस्थेला ‘स्लो’ म्हणतात. ‘स्लो धरत नाही’, ‘पाय काढला की बंद पडते’, ‘सिग्नलला दगा देते’ या तक्रारी मोटारीइतक्याच जुन्या आहेत. धावताना कुरकुर न करणारं इंजिन थांबल्यावरच का मान टाकतं, याचा शोध घेता घेता कार्बोरेटर सुधारला, मिस्त्रीचा कान तयार झाला, कायदे झाले आणि शेवटी बॉनेटखाली संगणक बसला. हा सगळा इतिहास एका छोट्या स्क्रूभोवती फिरतो. तो पिळण्याचा हक्क आधी चालकाकडे होता, मग मिस्त्रीकडे गेला, पुढे सरकारने त्यात लक्ष घातलं आणि अखेर नव्या गाड्यांमध्ये तो स्क्रूच उरला नाही.

स्लोला इंजिनाची अवस्था हातावर पोट असलेल्या माणसासारखी असते; मिळेल ते त्याच दिवशी संपतं, गाठीला काही राहत नाही. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर त्यात मिनिटाला १,६०० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. या सगळ्यांची ताकद पिस्टनच्या घर्षणावर मात करण्यात आणि पाण्याचा पंप, ऑइलचा पंप, डायनॅमो फिरवण्यातच खर्ची पडते. वेगात एखादा स्फोट हुकला तर फ्लायव्हीलचा जोर सांभाळून घेतो. ८०० फेऱ्यांवर तसे दोन-चार हुकले की इंजिन थरथरतं आणि थांबतं.

त्यात हवेची अडचण. पाय काढला की थ्रॉटलची चकती जवळपास मिटते. सिलिंडर हवा ओढतच राहतात, पण बाहेरून ती पुरेशी येत नाही. त्यामुळे चकतीच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, पाऱ्याच्या ४०० ते ५०० मिलिमीटरइतकी ओढ तयार होते. या ओढीने जळलेल्या वायूचा काही अंश मागे फिरून नव्या मिश्रणात मिसळतो, ज्योत मंदावते, म्हणून स्लोला पेट्रोल जरा जास्तच लागतं. आणि याच ओढीमुळे, कुठे पॅकिंग फाटलं किंवा रबरी पाइपला चीर गेली, तर तिथून आगंतुक हवा आत घुसते. भरधाव असताना मुख्य वाटेनेच इतकी हवा येत असते की ही चोरी पचून जाते. स्लोला तेवढीच हवा सगळा हिशोब बिघडवते. धावणारी गाडी थांबल्यावरच का बंद पडते, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

मोटारीच्या इतिहासातली रस्त्यावरची पहिली गाजलेली दुरुस्तीही पेट्रोलच्या वाटेचीच आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीची पिन काढून ती साफ केली. ठिणगीच्या तारेचं आवरण झिजलं, तिथे मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. कार्ल बेन्झच्या पहिल्या इंजिनाचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास होते. त्याचा कार्बोरेटर म्हणजे इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळणारं भांडं होतं. धावणं आणि थांबणं यांत त्या इंजिनाला फारसा फरक करता येत नव्हता.

१८९३ च्या सुमारास दोन ठिकाणी जवळपास एकाच कल्पनेवर काम झालं. जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी इंधन बारीक तोटीतून हवेच्या झोतात फवारण्याची युक्ती काढली. पुढची शंभर वर्षं पेट्रोल इंजिनं याच तत्त्वावर जगली. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं. गोम अशी की स्लोला त्या गळ्यातून हवा वाहते ती इतकी हळू की मुख्य जेटमधून पेट्रोल येतच नाही. म्हणून कार्बोरेटरमध्ये दुसरी, चोरवाटेसारखी नळी काढावी लागली. तिचं तोंड मिटलेल्या चकतीच्या खाली, जिथे ओढ सर्वांत जास्त, तिथे उघडतं. तिच्यावर स्वतःचं बारीक जेट असतं. फ्रान्समधल्या झेनिथ आणि सोलेक्स, इंग्लंडमधली एसयू, १९२३ मध्ये बोलोन्यात एदोआर्दो वेबरने सुरू केलेला कारखाना, या सगळ्यांनी या अडचणीवर आपापले तोडगे काढले. सोलेक्स आणि वेबरच्या जेटवरचे आकडे म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ४५ क्रमांकाच्या जेटचं भोक ०.४५ मिलिमीटर. धुळीचा एक कण त्याला पुरतो.

इंजिन आपणहून थांबणं ही विसाव्या शतकाच्या आरंभी इतकी रोजची बाब होती की गाड्यांच्या शर्यतीत तिची मोजदाद व्हायची. १९०७ मध्ये रोल्स रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ने केलेल्या १५,००० मैलांच्या चाचणीत सक्तीचा थांबा एकच आला. ६२९ व्या मैलावर धक्क्यांनी पेट्रोलची तोटी बंद झाली होती. त्यानंतर १४,३७१ मैल ती गाडी मध्येच बंद पडली नाही, आणि कंपनीचं नाव या आकड्यावर उभं राहिलं. पुढच्याच वर्षी याच जातीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. ६२० मैल, वाटेत सह्याद्रीचे सहा घाट. ती जिंकली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली.

सामान्य गाडीचं नशीब असं नव्हतं. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’त ठिणगी आधी पडावी की नंतर, यासाठी स्टिअरिंगखाली एक दांडी होती. थ्रॉटलसाठी दुसरी. आणि मिश्रण घट्ट-पातळ करायला डॅशबोर्डवर एक मूठ होती. म्हणजे स्लोचा स्क्रू चालवणाऱ्याच्या हाताशीच होता, आणि दिवसभर तो वापरावा लागे. सकाळच्या गारव्यात मिश्रण घट्ट करायचं, इंजिन तापलं की पातळ. चुकलं आणि गाडी बंद पडली की खाली उतरून पुढे हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला, तेव्हा बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करणं अंगमेहनतीचं राहिलं नाही. तरी भारतात अँबेसिडरच्या बंपरमधली हँडलची जागा पुढे कित्येक दशकं टिकली. थकलेल्या बॅटरीच्या काळात ती कामाला येई.

मुंबईत मोटारीची जोडणी १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला सुरू केली. देशी भांडवलावरचा कारखाना मात्र सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५० च्या दशकात आलेली फियाट ११००, मग ‘डिलाइट’, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नावं बदलली तरी १,०८९ सीसीचं इंजिन तेच राहिलं, आणि मुंबईकर तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिला. १९९० च्या दशकात शहरातल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या आसपास होती आणि त्यांतल्या बहुतेक याच घराण्यातल्या होत्या.

एकच इंजिन तीन-चार दशकं एका शहरात हजारोंच्या संख्येने चालत राहिलं, म्हणजे त्याच्या आजारांचंही एक शास्त्र तयार होतं. मुंबईतल्या गल्लीबोळांतल्या गॅरेजांत ते तयार झालं. ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या बाजारात नवा माल मिळे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचा. पुण्यात याच कामासाठी नाना पेठ होती. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयमधून मोटार मेकॅनिक बाहेर पडत होतेच, पण बहुतेकांचं शिक्षण उस्तादाच्या हाताखाली झालं. आधी पाने उचलून द्यायचे, मग प्लग घासायचे, मग चाकं काढायची. कार्बोरेटरला हात लावायची परवानगी सर्वांत शेवटी मिळे.

स्लोला बंद पडणारी गाडी आली की मिस्त्रीचा क्रम ठरलेला. आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा. इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की आवाज लगेच पडतो. जिची काढूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच मेलेला. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून पॉइंटमधली फट पाहायची. अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरची ही फट पॉइंट झिजल्याने बदलते आणि ठिणगीची वेळ सरकते. पावसाळ्यात टोपीच्या आत दमट हवेचा थर बसतो आणि वीज भलतीकडे पळते. जुलै महिन्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर बॉनेट उघडून कोरड्या फडक्याने टोपी पुसणारा टॅक्सीवाला हे शहरातलं नेहमीचं दृश्य होतं.

मग पेट्रोल. चोक ओढून मिश्रण घट्ट केल्यावर इंजिन स्लो धरत असेल तर निदान जवळजवळ झालंच: एक तर स्लोच्या जेटमध्ये कचरा आहे, नाहीतर कुठून तरी जास्तीची हवा येते आहे. जेट काढायचं, तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकायचं, उजेडाकडे धरून भोक बघायचं. तार घालायची नाही, कारण तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. हा नियम नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगितला जाई, आणि तो मोडल्याबद्दल पाठीत धपाटाही मिळे. हवेची चोरी पकडायला कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर थोडं ऑइल सोडायचं. आवाज क्षणभर बदलला की पॅकिंग तिथेच गेलेलं. ब्रेकच्या बूस्टरला जाणारा रबरी पाइप असेल तर तो चिमटीत दाबून पाहायचा. ‘एअर घेतेय’ हे दोन शब्द म्हणजे निकाल.

हे सगळं नीट असेल तरच शेवटी स्क्रूपर्यंत यायचं. स्क्रू असतात दोन. एक थ्रॉटलची चकती किती उघडी राहील ते ठरवतो, दुसरा स्लोच्या वाटेने मिश्रण किती येईल ते. आधी पहिल्याने फेरे थोडे वाढवायचे, मग दुसरा हळूहळू फिरवत आवाज सर्वांत भरीव होईल तिथे थांबायचं, मग पहिला परत थोडा मागे. असं दोन-तीनदा. यंत्रं नव्हती असं नाही. फेऱ्यांचा मीटर, व्हॅक्यूम गेज, टायमिंग लाइट ही साधनं मोठ्या वर्कशॉपमध्ये होती. पण गल्लीतल्या मिस्त्रीचं काम कानावर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या तळहातावर चाले. धूर हातावर एकसारखा आपटतोय की मध्येच ठोका चुकतोय, हे त्याला हाताने कळे.

या कौशल्याला भारतात एक वेगळी वाट फुटली, ती पेट्रोलच्या किमतीमुळे. १९७३ च्या तेलसंकटानंतर किमती भडकल्या आणि गाडीचं मोल ‘ॲव्हरेज’मध्ये मोजलं जाऊ लागलं. गिऱ्हाइकाची मागणी एकच: पेट्रोल कमी खाल्लं पाहिजे. मिस्त्री मिश्रण पातळ करून देई. महामार्गावर फरक दिसे, पण शहरात, दादरच्या सिग्नलला, तीच गाडी थांबली की धडधडून बंद पडे. मग तोच मालक परत येई, आणि मिश्रणाला हात न लावता पहिला स्क्रू पिळून स्लो वाढवून घेई. इंजिन आता बंद पडत नसे, पण उभ्या उभ्या जास्त पेट्रोल जाळी. वाचवलेलं पेट्रोल सिग्नलला गेलं, हा व्यवहार अनेकांच्या लक्षात येत नसे. १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था पुढे आपल्या प्रचारात सिग्नलला इंजिन बंद करण्याचा सल्ला देत राहिली. टॅक्सीवाले ते आधीपासूनच करत होते, काही काटकसरीने आणि काही नाइलाजाने.

भेसळीने यात भर घातली. रेशनवरचं स्वस्त रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळलं जाऊ नये म्हणून त्याला निळा रंग दिला गेला, तरी धंदा चाललाच. रॉकेलची वाफ पेट्रोलइतक्या सहज होत नाही. भरधाव हवेत ते कसंबसं फवारलं जातं, पण स्लोच्या मंद हवेत त्याचे थेंब मॅनिफोल्डच्या भिंतींवर बसतात, प्लग काळे पडतात आणि ठोका चुकू लागतो. पंप बदलल्यापासून गाडी स्लो धरत नाही, अशी तक्रार ऐकून मिस्त्री पहिल्यांदा टाकीतलं पेट्रोल हुंगे. या धंद्यामागचा पैसा किती होता हे २५ जानेवारी २०११ रोजी दिसलं. मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं.

उन्हाळ्यातला शत्रू वेगळा. घाट चढून आलेली गाडी माथ्यावर थांबली की रेडिएटरमधून हवा जाणं मंदावतं, इंजिनाची उष्णता कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपापर्यंत पोचते, आणि नळीतलं पेट्रोल उकळून त्याचे बुडबुडे होतात. पंप द्रव ढकलण्यासाठी बनलेला; बुडबुडे त्याला ढकलता येत नाहीत. गाडी बंद, आणि थंड होईपर्यंत सुरू व्हायचं नाव नाही. बोर घाटात पंपावर ओलं फडकं टाकून बसलेली कुटुंबं हा उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या प्रवासाचा भागच होता.

दरम्यान अमेरिकेत स्क्रूवर सरकारची नजर गेली होती. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात आरी हाखन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं मूळ मोटारींच्या धुरात दाखवून दिलं. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने कंपन्यांना उत्सर्जन नव्वद टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. कंपन्यांचा पहिला उपाय सोपा होता: मिश्रण पातळ करा, ठिणगी उशिरा टाका. त्या दशकातल्या अमेरिकन गाड्या त्यामुळे बदनाम झाल्या. थंड असताना सिग्नलला बंद पडायच्या, आणि तापल्यावर उलटंच. किल्ली बंद केली तरी इंजिन गचके देत चालूच राहायचं. ते थांबवायला थ्रॉटल पूर्ण मिटवणारा वेगळा विजेचा दट्ट्या बसवावा लागला. मालक आणि मिस्त्री हवं तसं मिश्रण परत घट्ट करून घेत, म्हणून स्क्रूवर प्लास्टिकच्या टोप्या आल्या. १९८० च्या सुमारास कारखान्यातच स्टीलची बुचं ठोकून ते बंद होऊ लागले.

भारतात टोप्या आल्या नाहीत, पीयूसी आली. ११५ व्या नियमाच्या तपासणीसाठी पेट्रोल पंपांशेजारी व्हॅन उभ्या राहिल्या, सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइडचा आकडा घ्यायला. मिस्त्रीने यावर तोडगा शोधायला वेळ लावला नाही. तपासणीच्या आधी स्क्रू अर्धा फेरा आत, आकडा ३ च्या खाली. सर्टिफिकेट हातात आलं की परत बाहेर, कारण तसं केलं नाही तर गाडी पुढच्याच सिग्नलला बंद पडणार. ऑक्टोबर २००४ पासून निकष कडक झाले. भारत स्टेज दोनच्या चारचाकींना कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्का आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम. अर्ध्या टक्क्याचं हे गणित स्क्रूने सुटण्यासारखं नव्हतंच.

ते सोडवणारी यंत्रणा तोवर भारतात आली होती. तिची सुरुवात १९५० च्या दशकात अमेरिकेत बेंडिक्स कंपनीच्या ‘इलेक्ट्रोजेक्टर’ने झाली. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक भागांना बॉनेटखालची उष्णता आणि दमटपणा सोसेना, प्रयोग फसला आणि पेटंटं जर्मनीच्या बॉशकडे गेली. १९६७ मध्ये बॉशने फोक्सवॅगनवर ‘डी-जेट्रॉनिक’ बसवलं. त्यात मॅनिफोल्डमधली ओढ मोजून पेट्रोल किती सोडायचं ते इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवत होती. १९७६ मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर आणला. मिस्त्रीच्या तळहाताचं काम आता सायलेन्सरच्या पाइपातच बसलं होतं, आणि तिथून मिळालेल्या खबरीवर संगणक सेकंदाला अनेकदा पेट्रोल कमी-जास्त करत होता. धुरातले विषारी वायू निवळणारा उत्प्रेरक कन्व्हर्टर नीट चालायला पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हे प्रमाण सतत जपावं लागतं. कार्बोरेटरला ते जमणं कठीण होतं.

भारतात हा बदल पाच-सहा वर्षांत उरकला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. सप्टेंबर १९९८ मध्ये आलेली सँट्रो एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल फवारणारं, इंजिन घेऊनच आली. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात युरो निकष अलीकडे ओढले. २००० मध्ये मारुती ८०० लाही एमपीएफआय मिळालं. डिसेंबर १९८३ पासून कार्बोरेटरवर धावलेल्या, आणि लाखो घरांची पहिली गाडी ठरलेल्या मारुतीने स्क्रू सोडला, तेव्हा गॅरेजांना पुढची दिशा कळली. पद्मिनीचं उत्पादन याच सुमारास थांबलं. टॅक्सी म्हणून ती आणखी वीस वर्षं, शेवटी बहुतेक सीएनजीवर, चालली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

गाडी स्लोला बंद पडायची मात्र थांबली नाही. फक्त कारणांची यादी बदलली. थ्रॉटल बॉडीवर काजळी बसते आणि मिटलेल्या चकतीच्या कडेने येणारी ठरावीक हवा अडते. स्लोची हवा सांभाळणारा विजेचा व्हॉल्व्ह चिकटतो. टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. फेरे मोजणारा सेन्सर तापल्यावर गप्प होतो. मिस्त्री आता स्टिअरिंगखाली स्कॅनरची पिन जोडतो आणि कोड वाचतो. पी ०५०५ म्हणजे स्लो सांभाळणाऱ्या यंत्रणेत बिघाड. पी ०१७१ म्हणजे मिश्रण फार पातळ. या दुसऱ्या कोडवर नुसता सेन्सर बदलून देणाऱ्या गॅरेजातून गिऱ्हाईक बऱ्याचदा परत येतं, कारण मॅनिफोल्डचा चिरलेला पाइप तसाच राहिलेला असतो. जुना मिस्त्री ज्याला ‘एअर घेतेय’ म्हणत होता, त्याचंच हे क्रमांक दिलेलं रूप. स्कॅनर आजार सांगतो, जागा दाखवत नाही. ती शोधायला अजूनही सांध्यासांध्यावर फवारा मारून कान द्यावा लागतो.

१ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा देशभर लागू झालं आणि कार्बोरेटरचा शेवटचा मोठा आसरा गेला. स्कूटर आणि मोटारसायकलींवरही इंधन इंजेक्शन आलं. त्याच्या पाच वर्षं आधी, सप्टेंबर २०१५ मध्ये, मारुतीने सियाझमध्ये अशी यंत्रणा दिली होती की गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी राहिली की इंजिन मुद्दाम बंद होतं आणि क्लच दाबला की सुरू होतं. ही कल्पना टोयोटाने १९७४ मध्येच क्राउन गाडीवर करून पाहिली होती. शंभर वर्षं ज्या बंद पडण्यावर उपाय शोधले गेले, ते आता इंधन वाचवण्याचं साधन म्हणून विकलं जाऊ लागलं, आणि नव्या गाडीच्या मालकांना शोरूममध्ये आधीच सांगावं लागलं की हा बिघाड नाही.

जुन्या गाड्यांपुढे दरम्यान नवा प्रश्न उभा राहिला आहे, आणि त्याची एक सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २००१ मध्ये इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे पहिले प्रयोग मिरज आणि मनमाडच्या डेपोंतून झाले, साखरपट्ट्याला जवळ म्हणून. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे जेट तेच राहिलं तरी इंजिनाच्या हिशोबात मिश्रण आपोआप पातळ होतं. संगणकाची गाडी लॅम्डाच्या खबरीवरून स्वतःच पेट्रोल वाढवून घेते. कार्बोरेटरची स्कूटर, जपून ठेवलेली पद्मिनी, गावाकडची जुनी जीप यांना ते जमत नाही. त्यात इथेनॉल पाणी शोषतं, जुने रबरी वॉशर आणि डायफ्रॅम फुगवतं, आणि ०.४५ मिलिमीटरच्या भोकात पुन्हा कचरा अडकतो. अशा गाड्या स्लोला बंद पडू लागल्या की मालक ज्यांच्याकडे जातात, त्या मिस्त्रींपैकी बरेच आता साठीच्या पुढे आहेत. ते आधी जेट फुंकतात, रबरं बदलतात आणि मग मिश्रणाचा स्क्रू नेहमीपेक्षा पाव फेरा जास्त उघडा ठेवतात.